शेरा : अपेक्षेप्रमाणे

फेब्रुवारी संपत आला की हिंजवडीतल्या ऑफिसांत माणसं अचानक चांगली वागायला लागतात. वर्षभर कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसणाऱ्यांचे चेहरे दिसू लागतात. काहींना दाढी आहे हे तेव्हाच कळतं. रात्री पावणेबाराला मेल येते, सीसीमध्ये मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर आणि घाईघाईत चुकून कॅन्टीनचा ठेकेदार. ज्याला वर्षभर नावाने, तेही अर्ध्याच नावाने, हाक मारली त्याला कोणीतरी एकदम 'सर' म्हणून जातं आणि दोघंही दचकतात.

हा अप्रेझलचा हंगाम. मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे तो मला सगळ्यांच्या आधी कळतो. लोक माझ्या टेबलापाशी थांबून 'काय मग, जेवलीस का?' असं विचारायला लागतात. एरवी मी जेवले की नाही याची काळजी फक्त माझ्या आईला असते.

आमच्या नातेवाइकांच्या मते एचआर म्हणजे दिवाळीला रांगोळी स्पर्धा घेणारी आणि माणसं काढणारी बाई. दोन्ही खरं आहे, आणि कधी कधी दोन्ही एकाच आठवड्यात करावं लागतं. पण वर्षातलं आमचं मुख्य कार्य हेच. शेकडो माणसांनी वर्षभर काय केलं याचं मूल्यमापन आम्ही करत नाही, ते मॅनेजर करतात. आम्ही त्यांना आठवण करून देतो. मग 'जंटल रिमाइंडर'. मग 'फायनल रिमाइंडर'. मग मुदतवाढ.

सुरुवात होते सेल्फ अप्रेझलच्या फॉर्मपासून, आणि मराठी माणूस इथेच गारद होतो. आपण करावं आणि लोकांनी म्हणावं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. फॉर्मवर लोक नसतात. एक रिकामी चौकट असते आणि खाली बारीक अक्षरांत सूचना असते की किमान तीनशे अक्षरं लिहा. मग तो लिहितो, 'माझ्याकडे दिलेली कामं वेळेत पूर्ण झाली.' कोणी केली? झाली. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला होता, हा नाइट पँटवर स्वेटर चढवून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभा होता, पहाटे साडेपाचला सगळं सुरळीत करून तसाच अंघोळीला गेला आणि नऊच्या बसने ऑफिसला आला. फॉर्मवर याची नोंद अशी : 'सर्व्हरची अडचण सोडवण्यात आली.' वाचणाऱ्याला वाटावं, महानगरपालिकेने सोडवली.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या गड्याने त्याच रात्री ग्रुपवर दोनदा 'एनी अपडेट?' असं विचारलं होतं. त्याच्या फॉर्मवर आहे, 'क्रिटिकल आउटेजच्या काळात क्रॉस-फंक्शनल टीमशी समन्वय साधला.' आता यात खोटं काहीच नाही. दोघांत पाचांपैकी चार कोणाला मिळाले आणि तीन कोणाला, हे ज्याने एकदा तरी नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

हल्ली चॅटजीपीटीने हा अन्याय बराच कमी केला आहे. आता ओट्यावर उभा राहणाराही समन्वय साधतो. सगळेच साधतात. एवढं सगळं वाचायला मॅनेजरला वेळ नसतो, म्हणून तो ते फॉर्म पुन्हा चॅटजीपीटीलाच देतो आणि सारांश मागतो, वर शेराही लिहून घेतो. यंत्राने केलेली स्तुती त्याच यंत्राला मनापासून पटते.

मी ते फॉर्म वाचते. हे कळलं की मॅनेजर लोकांना धक्का बसतो. एकदा एका टीममधल्या सगळ्यांना एकच शेरा आला होता : 'ही इज अ गुड टीम प्लेयर, नीड्स टू बी मोअर प्रोॲक्टिव्ह.' अर्ध्या मुलींच्या बाबतीत 'ही'चं 'शी' करायचं राहून गेलं होतं. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या मुलीलाही जास्त प्रोॲक्टिव्ह व्हायला सांगितलं होतं. तिने नक्की काय करायला हवं होतं, हे मी मॅनेजरला विचारलं. त्याने फॉर्म परत घेतला आणि 'मोअर' खोडलं.

मॅनेजर मुळात दुष्ट नसतो. त्याला आठवत नसतं. तुम्ही जूनमध्ये मरमर मरून डिलिव्हरी दिली, ती गेली. फेब्रुवारीच्या डेमोत प्रोजेक्टर लागला नाही, तो मात्र राहिला. बारा महिन्यांचा पगार शेवटच्या सहा आठवड्यांवर ठरतो, हे कर्मचाऱ्यांनाही पुरतं ठाऊक असतं. पहिल्या परिच्छेदातली ती दाढीवाली माणसं कॅमेरा का सुरू करतात, असं वाटलं तुम्हाला? यावरचा उपाय इतका कंटाळवाणा आहे की त्यावर कोणी सेमिनार घेत नाही. महिनाअखेरीला प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवायच्या, तारखेसकट. आम्ही आता तारीख आणि घटना नसलेला शेरा सरळ परत पाठवतो. नियम लागू झाला त्या वर्षी एका साहेबांनी लिहिलं, '१४ फेब्रुवारी : लवकर घरी गेला.' घटना होती, तारीखही होती. नाही कसं म्हणायचं?

रोजच्या रोज नोंद ठेवायची कल्पना तशी जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेन या मालकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना चार रंग होते : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा चांगला, पांढरा उत्कृष्ट. काल जसं काम केलं असेल तो रंग आज दर्शनी बाजूला. ओवेन गिरणीतून नुसती चक्कर मारायचा, कोणाला एक शब्द बोलायचा नाही. त्या ठोकळ्याचं नावच 'सायलेंट मॉनिटर' होतं. रंग मान्य नसेल तर कामगाराला थेट मालकाकडे दाद मागता यायची. दोनशे वर्षांत आम्ही ठोकळा सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि दाद मागण्यासाठी एक पोर्टल काढलं. ते उघडायला व्हीपीएन लागतो आणि व्हीपीएन मिळायला मॅनेजरची परवानगी लागते.

ओवेनचा ठोकळा निदान दिसायचा तरी. आपल्या सरकारी खात्यांनी नेमकं उलट केलं. त्यांनी गोपनीय अहवाल, म्हणजे सीआर, काढला. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यापासूनच तो गोपनीय. 'सीआर खराब करीन' या तीन शब्दांवर कित्येक साहेबांची अख्खी कारकीर्द निघाली. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कळवायचा, अशी रीत होती. सीमा रस्ते खात्यातले कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या वाट्याला १९९३-९४ साली 'चांगला' असा शेरा आला. 'चांगला'मध्ये प्रतिकूल ते काय? म्हणून कोणी कळवला नाही. बढतीला मात्र सलग पाच वर्षं 'फार चांगला' लागत होतं. बढती गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेरा कुठलाही असो, माणसाला कळवा. ज्या 'चांगल्या'मुळे बढती हुकते तो परिणामाने प्रतिकूलच. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षी केंद्राने अहवालाच्या नावातून 'गोपनीय' काढून टाकलं. अप्रेझलवर मी जी काही पुस्तकं वाचली त्यांतल्या कुठल्याही चौकटीपेक्षा हा निकाल मला जास्त शिकवून गेला.

आमच्याकडे त्या 'चांगल्या'चा भाऊ आहे, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. पाचांपैकी तीन. अपेक्षा पूर्ण करतो. बायकोने चारचौघांत असं म्हटलं तर नवरा सत्यनारायण घालील. ऑफिसात मात्र हे ऐकलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत एकटा पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसतो. त्याची चूक नाही. आम्हीच तीनला दोनचे पैसे दिलेले असतात.

आकडे देणाऱ्यांचीही एक गंमत आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले. देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. ज्याची देहयष्टी चांगली त्याची बुद्धीही वरिष्ठांना चांगली दिसत होती, आणि चारित्र्यही. आमच्याकडे कोणी देहयष्टी बघत नाही, बघावी अशी ती राहिलेलीही नाही. आमच्याकडे इंग्रजी बघतात. क्लायंटच्या कॉलवर फाडफाड बोलणारा मुलगा कोडही उत्तम लिहीत असणार, वेळेवरही येत असणार आणि घरी आईवडिलांनाही नीट सांभाळत असणार, असं सगळ्यांना मनोमन वाटतं. लातूरहून आलेली मुलगी, जिच्या कोडमध्ये कधी बग निघत नाही, ती कॉलवर दोन वाक्यांनंतर थांबते, आणि तिच्या फॉर्मवर 'टेक्निकल स्किल्स'च्याही पुढे तीन असतो. मी कारण विचारते तेव्हा उत्तर येतं, 'ओव्हरऑल फील.'

या 'ओव्हरऑल फील'चा निवाडा नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये होतो. पुण्यात मीटिंग रूमना गडकिल्ल्यांची नावं द्यायची पद्धत आहे. आमची बैठक 'तोरणा'मध्ये भरते. बाहेरून काच, आतून ओढलेले पडदे. बेल कर्व्हप्रमाणे इतके टक्के पाच, इतके टक्के चार, इतके दोन आणि एक, असा वरून कोटा आलेला असतो, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीला भाऊ बसावेत तसे सगळे मॅनेजर नकाशा, म्हणजे एक्सेल शीट, मध्ये ठेवून बसतात.

'तुझा एक चार मला दे.'

'घे. पण माझ्या ऑनसाइटवाल्याला हात लावायचा नाही.'

'अरे, तो एप्रिलमध्ये पेपर टाकणार आहे. सगळ्या फ्लोअरला माहितीय.'

'म्हणूनच तर. चार दिला तर थांबेल.'

'आणि जो थांबणारच आहे त्याचं काय?'

'त्याचं होम लोन आहे. तो कुठे जातोय?'

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. ज्याचं होम लोन मोठं त्याचं रेटिंग लहान, हा नियम कुठल्याही पॉलिसीत लिहिलेला नाही, पण 'तोरणा'वर तो चालतो. अशा वेळी एचआरने काय करायचं? पहिली काही वर्षं मी मिनिट्स लिहायचे. आता मी एकच प्रश्न विचारते : कशावरून? चार कशावरून? दोन कशावरून? कुठली तारीख, कुठलं काम, कोणाला फरक पडला? दोन तासांच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न मी इतक्यांदा विचारते की मॅनेजरांनी माझं नावच 'कशावरून मॅडम' पाडलं आहे. पण पुढच्या वर्षी ते वही घेऊन येतात. लातूरच्या मुलीचा तीन याच प्रश्नावर चार झाला, कारण तिच्या मॅनेजरकडे 'फील' होता आणि शेजारच्या मॅनेजरकडे तिने वाचवलेल्या रिलीजची तारीख होती.

बेल कर्व्हची कहाणी तर आणखीच मजेदार. जीई कंपनीचे जॅक वेल्श यांनी ती गाजवली. वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळचे १०, तळच्यांनी निघायचं. जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ती टाकून दिली, पुढे खुद्द जीईनेही वार्षिक रेटिंगची जुनी पद्धत मोडीत काढली. आमच्या शीटमध्ये मात्र सूत्र जागच्या जागी आहे, कारण ते ज्याने बनवलं तो कंपनी सोडून गेला आणि शीट पासवर्ड प्रोटेक्टेड आहे. लाखभर माणसांत घंटेचा आकार दिसेलही. पण आठ जणांच्या टीममध्ये, तेही चार-चार मुलाखती घेऊन निवडलेल्या आठ जणांत, तळचे दहा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक आठ माणूस. त्याचा कुठला भाग ठेवून घ्यायचा, याबद्दल कोटा काही बोलत नाही.

डेलॉइटने २०१५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्यांच्याकडे या सगळ्या खटाटोपात वर्षाला जवळपास २० लाख तास जात होते, आणि त्यातले पुष्कळसे बंद दाराआडच्या चर्चेत. ज्याच्याबद्दल चर्चा, त्याच्याशी नव्हे. काही कंपन्यांनी वैतागून रेटिंगच रद्द केलं. मला ते फारसं पटलेलं नाही. आकडा काढला तरी पगारवाढ वाटायचीच असते, मग मॅनेजर मनातल्या मनात आकडे देतो, आणि मनातल्या आकड्याला 'कशावरून' विचारता येत नाही.

आता प्रत्यक्ष भेट. 'वन ऑन वन'. टेबलावर टिश्यूचा डबा ठेवायचा की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत. ठेवला तर समोरचा आत शिरतानाच घाबरतो. मॅनेजर ट्रेनिंगमध्ये शिकलेला असतो की आधी गोड बोला, मग मुद्द्याचं बोला, मग पुन्हा गोड बोला. ही युक्ती आता सगळ्यांना पाठ आहे. 'तू या वर्षी खरंच खूप छान काम केलंस' एवढं ऐकलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. तो 'पण'ची वाट बघत बसतो. 'पण' आला की तो बचावाला उभा राहतो. आणि शेवटचं गोड बोलणं चालू असताना तो मनात टक्के मोजत असतो : सहा म्हणाला की आठ?

१९६५ मध्ये हर्बर्ट मेयर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच लिहून ठेवलं आहे. टीका केली की माणूस बचाव करतो; जिथे टीका जास्त झाली तिथे सुधारणा उलट कमी झाली; आणि स्तुतीने फारसं काही हललंच नाही. निष्कर्ष असा, की पगाराचं बोलणं आणि कामाचं बोलणं एका बैठकीत करू नका. हा अभ्यास कुठे झाला होता? जीईमध्येच. घरात औषध असताना त्यांनी वीसेक वर्षांनी भलताच काढा उकळला आणि जगाला पाजला.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मोठ्या खटपटीने हे दोन्ही वेगळं केलं. पैशाचं बोलणं एप्रिलमध्ये, पंधरा मिनिटांत. आकडा, त्याचं कारण, पत्र हातात. तेही मॅनेजरने समोर बसून द्यायचं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला 'अटॅच्ड प्लीज फाइंड' पाठवून बॅडमिंटनला पळायचं नाही. नको वाटणारी गोष्ट नेमकी सांगायची. 'तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही' हे चालणार नाही. 'ऑक्टोबरमध्ये दोनदा टेस्टिंगला न सांगता बदल केलास, त्यांचे दोन दिवस गेले' हे चालेल. पहिल्यावर माणूस भांडतो. दुसऱ्यावर तो बहुतेक वेळा म्हणतो, 'दोनदा नाही, एकदाच.' म्हणजे निदान बोलणं कामावर आलं.

कामाचं बोलणं मग जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये, आकड्याशिवाय. सुरुवातीला मॅनेजरांना काही सुचेना. आकडा नाही, मग तासभर बोलायचं काय? एकाने सरळ पावसाबद्दल विचारलं. पण दुसऱ्या फेरीपासून माणसं उघडायला लागली. एकाने तीन वर्षांत प्रथमच सांगितलं की एसीचा झोत थेट त्याच्या मानेवर येतो. फॅसिलिटीवाल्याने दहा मिनिटांत पट्टी वळवली. त्याच्या 'लो एनर्जी'बद्दल मागच्या दोन्ही फॉर्मवर सविस्तर शेरे होते.

आणि एका मुलीने विचारलं, की दर सोमवारी ती जो रिपोर्ट बनवते तो नक्की कोण वाचतं. चार तास लागायचे तिला. सात विभागांतून आकडे गोळा करायचे, जुळवायचे, रंग भरायचे, आणि अठ्ठावीस जणांना पाठवायचा. मॅनेजर म्हणाला, 'अगं, वाचत असतील की वरचे.' माझ्या तोंडून सवयीने 'कशावरून' निघालं. त्याने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. तिथे कळलं की तो रिपोर्ट ज्यांनी मागितला होता ते साहेब कधीच सिंगापूरला गेले. पुढच्या सोमवारी तिने तो पाठवला नाही. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. अठ्ठावीस जणांपैकी एकाचीही मेल आली नाही.

मार्चमध्ये तिच्या मॅनेजरचा सेल्फ अप्रेझलचा फॉर्म माझ्याकडे आला. पहिलीच ओळ होती : 'प्रोसेस ऑप्टिमायझेशनचं नेतृत्व केलं, दर आठवड्याला चार तासांची बचत.' पुढे तारीखही होती.